मडक्यातल्या विजेचं व्होल्टेज दर सोमवारी का बसतं?

मी मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. भाच्याची पलूस तालुक्यात छोटी डेअरी आहे. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन, एक चिलर, आणि ऑर्डर येईल तसं पनीर. तो मायक्रोबायॉलॉजी शिकलाय. कॅन धुतलेलं पाणी ओढ्याला सोडायचं नाही म्हणून त्यानं सहा मडक्यांचा मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे जंतूंकडून वीज काढणारा घट, बसवला आणि वायरिंग माझ्या गळ्यात घातलं. पहिला महिना लाल एलईडी छान लागला. मग दर सोमवारी सकाळी फोन यायला लागला, "मामा, परत बसलं बघा."

गुरुवार-शुक्रवारपर्यंत आपोआप चढायचं, सोमवारी परत खाली. त्याला वाटायचं वायरिंगमध्ये खोट आहे, मला वाटायचं त्याचे जंतू आजारी पडलेत. अडीच महिने आम्ही एकमेकांच्या अंगावर ढकलत होतो. कुणी असाच घट घरी, शाळेत किंवा गोठ्यावर लावला असेल आणि व्होल्टेज सारखं बसत असेल, तर आमचे हे अडीच महिने त्याच्या कामाला यावेत म्हणून लिहितोय.

आधी आमची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुंभाराकडून आणलेली पाच-पाच लिटरची बिनरंगाची मडकी. आत कोळशाचे तुकडे, मध्ये जुन्या टॉर्चच्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, हा ॲनोड. तोंड झाकणानं आणि मेणानं बंद, कारण आत हवा चालत नाही. बाहेरून मडक्याला कार्बन फेल्ट (कार्बनच्या धाग्यांचं जाड कापड) गुंडाळून स्टेनलेस जाळीनं आवळलेलं, हा कॅथोड. विरजण म्हणून गोबरगॅसची स्लरी. आतले जंतू पाण्यातली दुधाची घाण खातात आणि त्यातले इलेक्ट्रॉन कोळशाला देतात. ते तारेतून फिरून बाहेरच्या फेल्टवर येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनला मिळतात. हायड्रोजनचे आयन मडक्याच्या भिंतीतून पाझरतात. मडकं इथं साठवणीचं भांडं नाही, घटाचा पडदा आहे. महागड्या पडद्याऐवजी मातीचं भांडं वापरायचं काम खरगपूरच्या आयआयटीत प्रा. घांगरेकरांच्या गटानं केलेलं आहे, ते वाचूनच भाच्याच्या डोक्यात हे आलं. जंतूंपासून वीज मिळते हे तर डरहॅम विद्यापीठातल्या पॉटर यांनी १९११ सालीच दाखवलं होतं.

कागदावर असा एक घट १.१ व्होल्टपर्यंत जायला हवा. प्रत्यक्षात लोड नसताना ०.६ ते ०.८ मिळालं तरी उत्तम, आणि लोडवर ०.३ ते ०.५. म्हणजे ०.३५ व्होल्ट आलं म्हणून घाबरू नका, ते आजारपण नव्हे.

मल्टिमीटर फसवतो

आमच्या शोधाचे पहिले पंधरा दिवस यातच गेले. भाचा सकाळी मीटरच्या पिना लावायचा, ०.६५ दिसायचं, "सगळं बरोबर आहे मामा", आणि एलईडी मात्र मेलेला. डिजिटल मीटर घटातून जवळजवळ करंटच घेत नाही. अशक्त माणूस खाटेवर बसून ठणठणीत दिसतो, घागर उचलायला लावली की कळतं. प्रत्येक मडक्याला १०० ओहमचा रेझिस्टर लावा, वीस मिनिटं थांबा, आकडा स्थिरावला की मगच लिहा. आमच्या निरोगी मडक्यावर ०.३ व्होल्ट येतं, म्हणजे ३ मिलिअँपिअर. आजारी मडकं लोड नसताना ०.६५ दाखवतं आणि लोडवर ०.०८ ला येतं.

मोजायचं ते प्रत्येक मडकं सुटं करून. सहाची बेरीज बघून काही कळत नाही. त्यात एखादं उलटं फिरलेलं असलं तरी बाकीचे पाच त्याला झाकून नेतात. (त्यावर पुढे येतोच.)

आणि रोज एकाच वेळी लिहायचं. वहीत तीन आठवड्यांचे आकडे झाल्यावर मला जे दिसलं ते हजार रुपयांचं मीटर घेऊनही दिसलं नसतं: व्होल्टेज किती बसलं यापेक्षा किती वेळात बसलं हे जास्त बोलतं. मिनिटात बसलं तर जोड सुटलाय. काही तासांत किंवा रात्रीत बसलं तर पाण्यात काहीतरी बदललंय: खाणं संपलं, आंबट झालं, विष आलं, किंवा थंडी पडली. आणि महिनाभरात हळूहळू झिजलं तर बाहेरचा कॅथोड बघा. ही एवढी विभागणी आधी केली असती तर मी दोन वेळा सगळी वायरिंग उकलली नसती.

माझ्या बाजूच्या चुका

होत्या, कबूल करतो.

पहिली, मगरीचे चिमटे. ओल्या जागी लोखंडी चिमटा आठवड्यात गंजतो आणि ०.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये गंजाचा थोडा रेझिस्टन्ससुद्धा सगळं खातो. दुकानात २३० व्होल्टवर काम करणाऱ्याला याची सवय नसते. तांब्याची तार मी मडक्याच्या आतपर्यंत नेली होती, ती हिरवी पडली. तांबं जंतूंना मारक आहे हे भाच्यानं सांगितल्यावर मग कार्बनची कांडी झाकणाच्या वर काढली, जोड कोरड्या जागी केला आणि त्यावर इपॉक्सी ओतलं.

दुसरी चूक गमतीची. एक मडकं पहिल्याच दिवशी, विरजण घालायच्या आधीच, ०.९ व्होल्ट द्यायला लागलं. आम्ही खूश! खरं कारण असं की त्या मडक्यात मी कोळसा बांधायला जस्ताचा मुलामा असलेली बाइंडिंगची तार वापरली होती. म्हणजे जस्त आणि कार्बनचा साधा सेल तयार झाला होता, जंतूंचा त्यात काही हात नव्हता. महिन्याभरात जस्त संपलं आणि ते मडकं "आजारी" पडलं. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात मातीतून वीज म्हणून जे दाखवतात त्यात अर्ध्या वेळा हीच भानगड असते असं माझं मत झालंय. तपासायची सोपी रीत: मडक्यात जंतूंऐवजी नुसतं मिठाचं पाणी घालून बघा. तरी व्होल्टेज येत असेल तर ते धातूचं आहे.

तिसरी चूक मात्र शोधायला वेळ लागला. सहाही मडकी मी सिरीजमध्ये जोडली होती आणि पाणी एकाच पाइपातून सगळ्यांना जात होतं. तार वेगळी, पण पाणी एकच. सांडपाण्यातून करंट जातोच, त्यामुळे मडकी आतल्या आत एकमेकांना शॉर्ट करत होती. सहाच्या बेरजेत १.८ यायला हवे तिथे १.१ येत होते. पाण्याची धार कुठेतरी तुटली पाहिजे. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, एका मेडिकलवाल्याकडून सलाईनचे कोरे सेट आणले. त्यातल्या थेंब पडायच्या कुपीत हवेची फट मिळते, पाण्याची साखळी तुटते, शिवाय थेंब मोजता येतात. पाणी मात्र आधी धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर दुधाच्या साईनं सेट दोन दिवसांत तुंबतो. बाहेर पडणारं पाणीही थेंबानंच पडू द्या. आणि मडकी ओल्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवू नका, मडकं पाझरतं, कट्टा ओला होतो, तिथूनही करंट पळतो. आम्ही प्रत्येकाखाली उपडा प्लास्टिक क्रेट ठेवला.

हे सगळं झाल्यावर एलईडी पहिल्यापेक्षा उजळ लागला. आणि सोमवारी परत फोन.

सोमवार

आता माझ्या बाजूचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी हक्कानं म्हणालो, "तुझे जंतू बघ." त्यानं दोन मडकी उघडली, कोळशावर जंतूंचा थर होता, पण वरून करडा, सुटलेला. गुरुवारी परत बघितला तर ठीक. जे मरतं ते परत कसं उगवतं, आणि वार बघून कसं मरतं?

उत्तर ना वायरीत होतं ना जंतूंत. कॅन धुणाऱ्या मावशींना मी सहज विचारलं, रविवारी काय वेगळं करता? त्या म्हणाल्या, "ऐतवारी काय, फकस्त सकाळचंच दूध. मग दुपारी टीसीएल टाकून सगळं घासून काढतो की."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. रोजही थोडं क्लोरीन वापरलं जातंच, पण रोजच्या पाण्यात दूध इतकं असतं की क्लोरीन त्या दुधातच खर्ची पडतं. रविवारी दुपारी फरशी आणि टाक्या आधीच कॉस्टिकनं धुतलेल्या, पाण्यात दूध नावालाही नाही, आणि त्यावर टीसीएल. तेच पाणी टाकीत जाऊन रात्रभर थेंबाथेंबानं मडक्यांत पडत होतं. संध्याकाळी टाकीत आम्ल-अल्कली दाखवणारी पीएच पट्टी बुडवली तर गडद निळी, १० च्या वर. या जंतूंना ६.५ ते ७.५ मानवतं. थराचा वरचा पदर मरत होता, आतला वाचत होता, आणि तोच तीन-चार दिवसांत परत वाढत होता. म्हणून गुरुवार!

उपाय दहा मिनिटांचा. नाल्यावर एक टी आणि दोन कॉक, रविवारचं धुण्याचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये. ड्रम उघडा ठेवायचा, दोन-तीन दिवसांच्या उन्हात क्लोरीन जातं, वास गेला आणि पीएच उतरला की मगच ते रोजच्या पाण्यात थोडं थोडं मिसळायचं. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. डेअरीत कॅन आणि चिलरचा दुधाचा खडा काढायला ॲसिडही वापरतात. ते पाणी आणि टीसीएलचं पाणी कधीच एका ड्रममध्ये घेऊ नका, क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद खोलीत माणसाच्या जिवावर बेततं.

तुमच्याकडे डेअरी नसेल, घरगुती सांडपाणी असेल, तरी हाच हिशेब. संडास धुवायचं ॲसिड, फिनेल, भांड्याची पावडर कुठल्या दिवशी जास्त जाते ते घरातल्या धुणाऱ्या माणसाला विचारा. आम्ही अडीच महिन्यांत सगळ्यांना विचारलं, मावशींनाच सोडून.

सोमवार, पुन्हा

पुढच्या सोमवारी फोन आला तेव्हा मला वाटलं भाचा थट्टा करतोय. पण या वेळी चित्र वेगळं होतं. पाच मडकी थोडी उतरलेली, आणि चौथ्याचा आकडा चक्क उणे. मीटरवर उणे ०.२.

रविवारचं पाणी आम्ही वळवलं, पण त्याच्या जागी काही दिलं नाही. रविवार दुपारपासून मडकी उपाशी. जे सगळ्यात अशक्त होतं ते आधी रिकामं झालं. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच करंट जावा लागतो. चौथ्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरले नाहीत, तरी बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलत राहिले आणि त्याचे ध्रुव उलटे फिरले. टॉर्चमध्ये तीन नवे सेल आणि एक जुना घातल्यावर जुन्याचं जे होतं, तेच. फरक इतकाच की इथं असं दोन-तीनदा झालं की त्या मडक्यातला थर कायमचा खराब होतो.

उपाशी की विषबाधा, हे ओळखायचं कसं? आजारी मडक्यात चमचाभर साखर विरघळलेलं पाणी द्या. काही तासांत व्होल्टेज चढलं तर उपाशी होतं. नाही चढलं तर पीएच बघा. आणि बाहेरच्या फेल्टवर ओलावा देऊन पंख्याची हवा घातल्याबरोबर चढलं, तर दोष कॅथोडचा. आमचं चौथं मडकं साखरेनं दुपारपर्यंत उभं राहिलं.

त्यावर उपाय म्हणून शनिवारचं चाळीस-पन्नास लिटर पाणी एका कॅनमध्ये राखून रविवारी तेच सोडतो. आणि सिरीज मी मोडली. सहाही मडकी पॅरललमध्ये, म्हणजे एक अशक्त झालं तरी ध्रुव उलटायचा धोका तितका राहत नाही. पॅरललचं व्होल्टेज ०.३ च्या आसपास, त्यावर एलईडी लागत नाही, म्हणून व्होल्टेज वाढवणारा बूस्टर लागतो. बाजारात मिळणारे साधे बूस्टर मॉड्यूल ०.९ व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत, पैसे घालवू नका. अगदी कमी व्होल्टेजवरून ऊर्जा वेचणाऱ्या वेगळ्या आयसी असतात, तीच घ्या, पुढे कपॅसिटर लावा. एलईडी सतत न जळता लुकलुकतो. सिरीज न मोडता प्रत्येक घटाला आडवा डायोड लावा असं कुणी सुचवेल. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या शॉटकी डायोडलाच ०.२-०.३ व्होल्ट लागतात, आपला घटच तेवढ्याचा. त्या डायोडनं काय वाचवायचं?

चुन्याचं उसनं

लग्नसराई आली आणि पनीरच्या ऑर्डरी वाढल्या. पनीर फाडल्यावर उरणारं पाणी मावशी नाल्यात ओतायला लागल्या. त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण संपवायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला ५०,००० ते ८०,००० मिलिग्रॅम असतो. साध्या धुण्याच्या पाण्याच्या कितीतरी पट. जंतूंना मेजवानी होईल असं मला वाटलं. झालं उलट. त्यातली लॅक्टोज साखर आंबवणारे दुसरे जंतू आधी तुटून पडले, लॅक्टिक ॲसिड झालं, पीएच ४.५ वर आला आणि वीज करणारे गप्प बसले.

पीएच वर आणायला मी चुना टाकला. गावाकडे तोच हाताशी असतो. दोन दिवसांत व्होल्टेज परत आलं आणि मी भाच्याला म्हणालो, बघ, मामाला अजून कळतंय. पुढच्या दीड महिन्यात सहाही मडकी हळूहळू खाली सरकत गेली, वार नाही, वेळ नाही. बाहेर फेल्टवर पांढरी खपली.

कॅथोडवर ऑक्सिजनची क्रिया होताना तिथलं पाणी अल्कलीकडे जातं. त्यात भिंतीतून पाझरून येणारा चुन्यातला कॅल्शियम आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. ती फेल्टची छिद्रं बुजवते, हवा आत जात नाही. मी पाण्याची आंबटी घालवली आणि तिचं उसनं कॅथोडवर फेडलं. खपली काढायला फेल्ट सोडवून पातळ व्हिनेगरमध्ये तासभर बुडवला, बुडबुडे थांबले की साध्या पाण्यानं धुतला. मडक्याची बाहेरची भिंतही नारळाच्या काथ्यानं घासा, तिची छिद्रंही बुजतात. खपली चुन्याशिवायही थोडी येतेच, दीड-दोन महिन्यांनी धुणं चुकत नाही. पण चुना बंद करून खायचा सोडा वापरल्यावर वेग बराच कमी झाला. पनीरचं पाणी आता मडक्यांना अजिबात जात नाही, शेजारचे लोक म्हशींसाठी घेऊन जातात आणि बदल्यात शेण देतात.

तुपकट थराचंही लक्ष ठेवा. टाकीवर साय जमते ती रोज काढली नाही तर कोळशावर बसते आणि जंतूंना पाणी पोचत नाही.

वीज किती मिळते ते विचारू नका, तरी सांगतो

पाहुणे येतात, एलईडी बघतात आणि पहिला प्रश्न, "मग महावितरणचं बिल किती वाचलं?" मी मोटरवाला, मला हिशेब एचपीत समजतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. आमची सहा मडकी सगळं नीट असताना ५ मिलिवॅट देतात. साधारण दीड लाख पट कमी. असे दीड लाख संच लावाल तेव्हा एक एचपीची मोटर फिरेल.

पाण्यात ऊर्जा नाही असं नाही. एक किलो सीओडीइतकी घाण जंतूंनी पूर्णपणे विजेत बदलली तर सुमारे ३,३५० अँपिअर-तास मिळतात, ०.३ व्होल्टला ती एक युनिट वीज झाली. पण बरेचसे इलेक्ट्रॉन मिथेन करणारे जंतू पळवतात, मडक्यातून झिरपलेला ऑक्सिजन खातो, आणि हाती उरतो तो थोडा भाग. खरा फायदा हवा भरणारा ब्लोअर लागत नाही आणि गाळ कमी निघतो हा. पाणीही पूर्ण शुद्ध होत नाही, आमचं मडक्यांतून निघालेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यात जातं. सांगलीत शहराचं सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्यानं कृष्णा नदीचं काय केलं ते बघत मोठे झालेलो आम्ही, ओढ्याला पांढरं पाणी जात नाही एवढ्यावर समाधान आहे.

सध्या वहीत एकच न सुटलेली गोष्ट आहे. डिसेंबरात रात्री गारठा पडला की पहाटे सगळीच मडकी तिसरा हिस्सा उतरतात आणि उन्हं आली की चढतात. या जंतूंना ३० ते ३५ अंश आवडतं, त्यामुळे हे साहजिक आहे. आम्ही उसाच्या पाचटानं क्रेट झाकून बघितले, पण पाचट फेल्टला चिकटलं की हवा अडते आणि कॅथोड रुसतो. आता पाचटाऐवजी गोणपाटाचा तंबू करून मध्ये वीतभर मोकळी जागा ठेवलीय. या सोमवारी भाच्याचा फोन आला होता, पण म्हशीचं विचारायला.